माऊसची अनाहूत हालचाल (विश्रांती-स्मरण सॉफ्टवेअरमधील)

संगणकावर सलग काम करणाऱ्याला ठरावीक अंतराने थांबवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, विश्रांती चालू असताना हेतू नसताना हललेला माऊस ओळखणे आणि त्या हालचालीचे काय करायचे ते ठरवणे, या प्रक्रियेची ही नोंद आहे. टेबलाला गुडघा लागतो, लोंबणारी वायर स्वतःच्या वजनाने माऊसला ओढते, जेवणाच्या सुट्टीत हाऊसकीपिंगचा माणूस माऊस उचलून टेबल पुसतो. संगणकाला या सगळ्यातून मिळते ती माऊस हलल्याची नोंद. कोणी हलवला आणि का, हे त्या नोंदीत नसते. ती खरी मानली तर घेतलेली विश्रांती वाया जाते, सरसकट दुर्लक्षिली तर विश्रांतीच्या नावाखाली काम चालू राहते.

उगम : हाताच्या पुनरावृत्तिजन्य ताणाच्या तक्रारींकडे १९८० च्या दशकात, विशेषतः ऑस्ट्रेलियात, मोठ्या प्रमाणावर लक्ष गेले. त्यावर उपाय म्हणून विश्रांतीची आठवण देणारे प्रोग्राम साधारणपणे १९९० च्या दशकात आले. अनाहूत हालचाल गाळण्याची कल्पना त्यांत कुठून आली, याची दोन उत्तरे संभवतात. पहिले उत्तर स्क्रीनसेव्हरचे. १९९२ मध्ये सुरू झालेल्या एक्सस्क्रीनसेव्हर या युनिक्स-लिनक्सवरच्या प्रोग्राममध्ये एका सेकंदात १० पिक्सेलपेक्षा कमी सरकलेला माऊस हलला असे धरत नाहीत. टेबलाला धक्का लागला म्हणून पडदा जागा होऊ नये, हे कारण त्याच्या माहितीपुस्तिकेतच दिले आहे. दुसरे उत्तर विद्युत्‌तंत्रातले. कळ दाबताना तिचे संपर्क क्षणभर थरथरतात. ती थरथर संपेपर्यंत वाट पाहून मगच कळ दाबली असे मानायचे, ही तिथली जुनी रीत. पहिली पद्धत अंतर मोजते, दुसरी टिकाऊपणा. विश्रांतीच्या प्रोग्रामांत दोन्हींचे मिश्रण आढळते. मात्र त्यांतली निर्णायक बाजू काळाची आहे, हे पुढील उदाहरणावरून दिसेल. त्यामुळे दुसरे उत्तर अधिक ग्राह्य वाटते.

वर्करेव्हची पद्धत : २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत पुढे आलेला वर्करेव्ह हा मुक्त प्रोग्राम विंडोज आणि लिनक्सवर चालतो. त्याची मूळ मांडणी दर ३ मिनिटांनी ३० सेकंदांचा लहान थांबा आणि दर ४५ मिनिटांनी १० मिनिटांची विश्रांती अशी आहे. त्यात आधी अंतराची चाळणी लागते. आडवी आणि उभी दोन्ही बाजूंनी ३ पिक्सेलपेक्षा कमी असलेली हालचाल गाळली जाते. चाक फिरवले तर ते मात्र धरले जाते. चाळणीतून सुटलेली नोंद लगेच 'काम' ठरत नाही, आधी 'गोंगाट' या अवस्थेत जाते. इथे तीन मूल्ये कामाला येतात : १ सेकंद, ९ सेकंद आणि ५ सेकंद. पहिल्या नोंदीपासून किमान १ सेकंद उलटल्यावरही नोंदी येत असतील तर वापरणारा कामाला लागला असे धरतात. दोन नोंदींत ९ सेकंदांहून जास्त खंड पडला तर हा हिशेब नव्याने सुरू होतो. एकदा काम धरले की शेवटच्या नोंदीनंतर ५ सेकंद शांतता झाल्याशिवाय ते थांबले असे मानत नाहीत.

३० सेकंदांच्या थांब्यात १२ व्या सेकंदाला गुडघा लागला आणि माऊस पाव सेकंद हलला, तर तो गोंगाट. उलटी मोजणी चालूच राहते. १७ व्या सेकंदाला पुन्हा धक्का लागला तर खंड ५ सेकंदांचा, म्हणजे ९ च्या आत, आणि पहिल्या धक्क्यापासून १ सेकंद केव्हाच उलटलेला. मधले ५ सेकंद हात मांडीवर असूनही हे सलग काम ठरते आणि शांततेची ५ सेकंदे भरेपर्यंत विश्रांती अडते. हाच दुसरा धक्का २२ व्या सेकंदाला बसला असता तर काहीच बिघडले नसते. 'एकदा हलला तर चालते, दोनदा हलला की अडते' हा वापरणाऱ्यांना कोड्यात टाकणारा अनुभव यातून येतो.

काम धरल्यावर पुढे काय करायचे, यासाठी त्याच्या रचनेत तीन धोरणे आहेत : मोजणी तेवढ्यापुरती थांबवणे, विश्रांती पहिल्यापासून सुरू करणे, किंवा विश्रांतीपुरती हालचालींची दखलच न घेणे. मधले धोरण दहा मिनिटांच्या विश्रांतीत जाचक ठरते; नवव्या मिनिटाच्या दोन धक्क्यांना नऊ मिनिटांची शिक्षा होते. पहिल्यात नुकसान काही सेकंदांचेच असते आणि चौकटीची उघडझाप करून वापरणाऱ्याला माऊस सोडायला सांगता येते. स्ट्रेचली हा प्रोग्राम वेगळ्या वाटेने जातो. दर १० मिनिटांनी २० सेकंदांचा त्याचा लहान थांबा घड्याळाने चालतो, माऊस हलला तरी मोजणी पुढे सरकते. थांबा पुढे ढकलायचा असेल तर त्याच्या पहिल्या ३० टक्के वेळातच ढकलता येतो.

पिक्सेलची मर्यादा : ३ पिक्सेल म्हणजे टेबलावर किती, हे माऊसवर अवलंबून असते. कर्सरचा वेग मूळ ठेवला आणि प्रवेगवाढ (हात वेगाने हलला की कर्सर जास्त सरकवणारी सोय) बंद केली, तर इंचाला ८०० टप्पे मोजणाऱ्या माऊसवर ते सुमारे ०.१ मिलिमीटर भरते, १६०० वर त्याच्या निम्मे. दहा पिक्सेलची चाळणीही ८०० वर जेमतेम ०.३ मिलिमीटरची. इतक्यावर खरा धक्का अडत नाही. फक्त सेन्सरची थरथर गाळली जाते. फरक लगतच्या दोन नोंदींमध्ये मोजला तर उलटी अडचण येते. सेकंदाला १२५ नोंदी देणाऱ्या माऊसवर प्रत्येक नोंदीत ३ पिक्सेल भरायला सेकंदाला ३७५ पिक्सेल वेग लागतो. १००० नोंदी देणाऱ्या आणि त्या सगळ्या प्रोग्रामपर्यंत पोचवणाऱ्या व्यवस्थेत तोच ३००० होतो. म्हणजे हळू हललेला खरा हातही गाळला जातो. हात थांबला होता त्या बिंदूपासून अंतर मोजणे हा यावर बरा उपाय.

खोट्या नोंदी : काही नोंदी माऊस न हलताच येतात. विंडोजमध्ये कर्सरखाली नवी खिडकी उघडली की तिला 'माऊस हलला' असा संदेश मिळू शकतो. विश्रांतीचा पडदा स्वतःच अशी खिडकी असल्याने तो उघडताक्षणी आपल्याच येण्याला धक्का समजण्याची शक्यता असते. आधीचे स्थान साठवून नव्याशी ताडून पाहिले, म्हणजे हा घोटाळा टळतो. विंडोजची शेवटच्या नोंदीची वेळ सांगणारी सोयही जपून वापरावी लागते. ती फक्त वेळ देते. माऊस की कीबोर्ड, किती अंतर, हे सांगत नाही. शिवाय ती त्या-त्या सत्रापुरती, म्हणजे एका लॉगिनपुरती, असते. एअरोली किंवा मालाडच्या बॅक ऑफिसात दूरच्या सर्व्हरवर काम चालते, तिथे प्रोग्राम सर्व्हरच्या सत्रात बसवला असेल तर समोरच्या मशीनवर चाललेले इतर काम त्याला दिसत नाही. लिनक्सच्या वेलँड या पडदा-व्यवस्थेत तर इतर खिडक्यांवरची माऊसची हालचाल पाहण्याची मुभाच प्रोग्रामला नसते; अमुक वेळ निष्क्रिय आणि पुन्हा सक्रिय एवढेच कळते, त्यामुळे पिक्सेलची चाळणी लावता येत नाही.

कारण शोधणे : रुळालगतच्या इमारतींत लोकलच्या हादऱ्याला दोष देण्याची रीत आहे. ऑप्टिकल सेन्सर माऊस आणि पृष्ठभाग यांच्यातली सापेक्ष हालचाल मोजतो. टेबल आणि माऊस एकत्र थरथरले तर त्याला फारसे काही दिसत नाही. खरा दोषी बहुधा चकचकीत सनमायका, काचेचा टीपॉय किंवा सेन्सरच्या खाचेत अडकलेला केस असतो. तपासण्यासाठी हात काढून कर्सरकडे अर्धा मिनिट पाहावे. तो सरकत असेल तर माऊस उचलून उलटा ठेवावा. सरकणे थांबले तर दोष पृष्ठभागाचा, आणि कापडी पॅड पुरतो. थांबले नाही तर वायर काढावी किंवा बिनतारी माऊसचे तळाचे बटण बंद करावे. तरीही सरकत असेल तर टचपॅड किंवा जोडलेला ग्राफिक टॅब्लेट पाहावा. लांबच्या विश्रांतीत माऊस उलटा ठेवणे किंवा बटण बंद करणे ही सवय कुठल्याही चाळणीपेक्षा खात्रीची. अर्थात सेन्सर वर येत असल्याने त्यावर फाईल ठेवू नये.

हजेरी मोजणाऱ्या सॉफ्टवेअरला चकवण्यासाठी माऊस हलवत ठेवणारी उपकरणे वापरली जातात, त्यांचा इथे उलटा परिणाम होतो. निव्वळ शेवटच्या नोंदीच्या वेळेवर चालणाऱ्या प्रोग्रामला वापरणारा कायम कामात दिसतो. खाली जाऊन कटिंग पिऊन आलेल्यालाही जागेवर बसताच विश्रांतीचा पडदा लागतो. उपकरण एकेक पिक्सेलच हलवत असेल तर ३ पिक्सेलच्या चाळणीत ते सापडते आणि चहाची वेळ विश्रांतीत धरली जाते. मोठे झोके देणारे असेल तर ती धरली जात नाही.