ब्राझीलच्या साम्राज्यात ‘अल्पमत’ म्हणजे कोण?

एकोणिसाव्या शतकात ब्राझीलच्या संसदेत अल्पमताच्या प्रतिनिधित्वावर वर्षानुवर्षे वाद झडला. हे अल्पमत म्हणजे निवडणुकीत आपटी खाल्लेला पक्ष. १८७२ च्या जनगणनेत कोटीभर लोकसंख्येत सुमारे १५ लाख गुलाम होते. त्यांना या हिशेबात कोणी धरलेच नव्हते.

१८२४ च्या राज्यघटनेने निवडणूक दोन टप्प्यांची केली. वर्षाला १०० मिल-रेस (तेव्हाचे ब्राझीलचे चलन) उत्पन्न असलेले पुरुष गावच्या चर्चमध्ये जमून निर्वाचक निवडत आणि निर्वाचक खासदार निवडत. मुक्त झालेल्या गुलामाला पहिल्या टप्प्यात मत होते, निर्वाचक होण्याची मात्र मनाई. १८४० ची निवडणूक तर तिच्यातल्या मारहाणीमुळे ‘सोट्यांची निवडणूक’ म्हणूनच ओळखली जाते. सरकार ज्याचे, निकाल त्याचा.

जुलै १८६८ मध्ये सभागृहात उदारमतवाद्यांचे बहुमत असताना सम्राट दुसऱ्या पेद्रोने सत्ता परंपरावाद्यांच्या हाती दिली. सिनेटर नाबुको दे अराउजो यांनी तेव्हा साखळीच मांडून दाखवली: सम्राट हवा त्याला बोलावतो, तो निवडणूक घेतो, निवडणूक बहुमत घडवते. त्याच वर्षी कादंबरीकार जोझे दे आलेंकार यांनी अल्पमताच्या प्रतिनिधित्वाची बाजू घेणारे पुस्तक काढले. वर्षभर आधी हेच गृहस्थ सम्राटाला जाहीर पत्रे लिहून गुलामगिरीचे समर्थन करत होते, आणि त्यात त्यांना काही विसंगत वाटले नसावे.

अल्पमताला जागा मिळावी म्हणून १८५५ मध्ये एकसदस्यीय मतदारसंघ करून पाहिले होतेच. १८७५ मध्ये ‘तृतीयांश कायदा’ आला: सहा जागा असतील तर मतपत्रिकेवर चारच नावे लिहायची, उरलेल्या दोन आपसूक विरोधकांकडे जातील. कागदावर हिशेब चोख होता. पण १८७८ मध्ये सरकार बदलले आणि सभागृह जवळपास संपूर्ण उदारमतवाद्यांचे झाले.

मग थेट निवडणुकीचा आग्रह सुरू झाला, सोबत निरक्षरांना वगळण्याची मागणीही. १८७९ मध्ये उदारमतवादी नेते धाकटे जोझे बोनिफासियो यांनी या मागणीची खिल्ली उडवली: व्याकरण्यांचे हे सार्वभौमत्व म्हणजे राजकीय वाक्यरचनेतली चूक आहे. तरीही जानेवारी १८८१ चा साराइवा कायदा झाला. मतदान थेट झाले, मुक्त गुलामांवरचे निर्बंधही कागदोपत्री उठले. पण उत्पन्नाचे पुरावे इतके कडक मागितले गेले की दहा लाखांवरचे मतदार दीड लाखाच्या आत आले. पुढे नव्या नोंदणीला साक्षरतेची अट लागली.

१८८१ च्या निवडणुकीत विरोधी परंपरावाद्यांना १२२ पैकी ४७ जागा मिळाल्या, दोन मंत्रीही पडले. रिओत आणखी एक उमेदवार पडला: गुलामगिरी संपवा म्हणणारा जोआकिम नाबुको, त्याच सिनेटरचा मुलगा.