पार्श्वभूमी: पुण्यातलं 'दुसरं घर' आणि चाळीस टक्क्यांचा घोळ

पुण्यात "दुसऱ्या घरावर जास्त कर लावा" ही मागणी अधूनमधून डोकं वर काढते. फ्लॅटचे भाव उसळले की जास्तच. आणि दर वेळी दोन्हीकडची मंडळी असं भांडतात की जणू ही कल्पना परवाच सिंगापूरहून विमानाने उतरली. पण राहतं घर आणि बाकीची घरं यांच्या करात फरक करणं या शहरात १९७० पासून चालू आहे, फक्त त्याला दुसऱ्या घराचा कर असं कुणी म्हटलं नाही, त्याला म्हटलं सवलत, आणि नाव सवलत पडल्यामुळे त्यावर कधी नीट चर्चाच झाली नाही. ती काढून घेतली तेव्हा मात्र आरडाओरडा झाला.

आधी थोडं मागचं. पुण्याचा मिळकतकर मुंबईसारखा घराच्या भांडवली किमतीवर नाही. घर भाड्याने दिलं असतं तर वर्षाला किती भाडं आलं असतं, त्या काल्पनिक भाड्यावर तो बसतो. काल्पनिक हा शब्द महत्त्वाचा आहे, पुढचा सगळा गोंधळ त्यातूनच निघतो. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला गोठवली, वाड्यांचं त्यामुळे काय झालं ते सगळ्यांना पाठ आहे, ते परत सांगत नाही. पण वाड्याचा मालक स्वतःच खाली दोन खोल्यांत राहत असेल तर त्याला भाडं मिळत नाही आणि कर मात्र न मिळालेल्या भाड्यावर भरायचा, हे कुणालाही विचित्रच वाटेल. तेव्हा १९७० मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने ठराव केला, की मालक स्वतः राहत असेल तर करयोग्य रकमेत ४०% सूट, आणि शिवाय देखभाल-दुरुस्तीसाठी कायद्यात जी १०% वजावट आहे ती १५% धरायची.

त्या वेळी दुसरं घर म्हणजे बहुतेकांचं कोकणातलं किंवा सातारकडचं गावचं घर, त्याचा पुण्याच्या कराशी संबंधच नाही. पानशेतच्या पुरानंतर शहर पश्चिमेला सरकलं, १९६३ च्या फ्लॅट मालकी कायद्याने (मोफा) फ्लॅट विकत घेणं जरा सुरक्षित झालं, पण एकाच माणसाचे कोथरूडला एक, वाकडला एक आणि खराडीला 'इन्व्हेस्टमेंट म्हणून' एक असे तीन फ्लॅट असतील हे १९७० च्या सभेत बसलेल्या कुणाच्या डोक्यात असेल असं मला वाटत नाही.

दरम्यान दिल्लीच्या पातळीवर एक कर होता जो आता लोक विसरलेत. संपत्ती कर, १९५७ पासूनचा. शेवटच्या काही वर्षांत तो ३० लाखांवरच्या निव्वळ संपत्तीवर १% होता, आणि त्यात एक राहतं घर माफ होतं. पण मला त्यातली दुसरी सूट जास्त आवडते, की जे घर वर्षातले ३०० दिवस भाड्याने दिलेलं असेल तेही माफ. म्हणजे कर कशावर, तर ना राहतं ना भाड्याने दिलेलं, कुलूप लावून ठेवलेल्या दुसऱ्या घरावर. आज ज्याला लोक 'रिकाम्या घरांवर कर' म्हणून नवीन आयडिया समजतात ती आपल्याकडे कायद्याच्या पुस्तकात छापील होती. वसूल काय होत होतं ते वेगळं. २०१३-१४ मध्ये सगळ्या देशातून, दागिने, गाड्या, बोटी, सगळं धरून १,००८ कोटी आले. एवढ्यासाठी एवढा खटाटोप कशाला म्हणून २०१५ च्या बजेटमध्ये तो रद्द केला आणि त्याच्या बदल्यात एक कोटीच्या वर उत्पन्न असलेल्यांना २% जादा अधिभार लावला. हिशेब म्हणून ठीक आहे, पण कुलूपबंद घराला भाड्याच्या घरापेक्षा वेगळं मोजणारा हा कर गेला त्याची बातमी पुण्यात कुणी वाचली असेल तर 'बरं झालं' म्हणूनच वाचली.

२००० नंतरचं सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलंय. हिंजवडी, मगरपट्टा, खराडी, डॉलरमध्ये पगार घेणारे आपलेच भाऊ-बहीण-भाचे, न्यू जर्सीतून फोनवर बुक केलेले फ्लॅट, 'परत येऊ तेव्हा राहू' असं म्हणत घेतलेले, आणि न आलेले. शहरात एकाच्या ताब्यात किती मोकळी जमीन असावी यावर मर्यादा घालणारा कमाल जमीन धारणा कायदा २००७ मध्ये राज्याने गुंडाळला, जमीन मोकळी झाली की घरं स्वस्त होतील असं सांगितलं गेलं होतं, ती झाली नाहीत. २०११ च्या जनगणनेत देशभरातल्या शहरांत मिळून १ कोटी ११ लाख घरं रिकामी निघाली, त्यात एकट्या मुंबईत ४ लाख ८० हजार. पुणं या बाबतीत फार मागे नव्हतं, संध्याकाळी सात वाजता बाणेर-बालेवाडीच्या कुठल्याही टॉवरखाली उभं राहून उजेड असलेल्या खिडक्या मोजल्या तरी अंदाज यायचा.

आता चाळीस टक्क्यांचं प्रकरण, यावर जरा जास्त लिहितो कारण बाकीच्या सगळ्या वादाची गाठ इथेच आहे.

२०१० नंतरच्या वर्षांच्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, की ही ४०% सूट कायद्याच्या कुठल्या कलमाखाली देता? १५% कुठून आलं, कायद्यात तर १०% आहे. तांत्रिकदृष्ट्या आक्षेप चूक नव्हता. ठराव शहराच्या सभेचा होता, राज्याच्या कायद्यात त्याला आधार शोधावा लागत होता. पण चाळीस वर्षं सगळे सुखाने जगत असताना कुणाला तो दिसला नाही, आणि दिसला तेव्हा अर्धं शहर फ्लॅटमध्ये राहायला गेलं होतं. पुढे साताठ वर्षं फाइल फिरली आणि २०१९ मध्ये राज्य सरकारने तो १९७० चा ठराव विखंडित केला. विखंडित हा शब्द सरकारी आहे, अर्थ रद्द. त्याच सुमारास मिळकतींचा जीआयएस सर्व्हे, म्हणजे एकेक मिळकत डिजिटल नकाशावर नोंदवणारी पाहणी, झाला होता, त्यात जिथे भाडेकरू सापडला किंवा सापडल्यासारखा वाटला तिथे सवलत काढली, आणि हजारो लोकांना मागच्या फरकासकट बिलं आली. २०१९ नंतर नव्याने नोंद झालेल्या घरांना तर सवलत लागलीच नाही, म्हणजे एकाच सोसायटीत ए विंगला जुनी नोंद म्हणून सूट आणि बी विंगला नवी म्हणून पूर्ण कर, दोन्हीकडे मालकच राहतात.

इथे एक साधं गणित लोकांच्या लक्षात येत नाही. करयोग्य रक्कम ३०,००० असेल तर सवलतीनंतर कर लागायचा १८,००० वर. सवलत काढली की परत ३०,००० वर. म्हणजे सूट ४०% ची असली तरी ती गेल्यावर बिल ४०% ने वाढत नाही, दोन तृतीयांशाने वाढतं, सहासष्ट टक्क्यांच्या वर. पेन्शनवर जगणाऱ्याला हे बिल आलं की तो शिव्या देणारच, आणि त्या कुणाला द्यायच्या तेही ठरलेलं नव्हतं कारण महापालिका राज्याकडे बोट दाखवायची आणि राज्य लेखापरीक्षकाकडे.

२०२३ च्या फेब्रुवारीत कसब्यात पोटनिवडणूक झाली, मिळकतकर हा प्रचारात गाजलेला मुद्दा होता, सत्ताधाऱ्यांनी वर्षानुवर्षं हातात असलेली जागा घालवली, आणि मार्च-एप्रिलमध्ये सवलत परत आली. यात कार्यकारणभाव कुणी कागदावर मांडलेला नाही, वाचणाऱ्याने मांडावा. ४०% परत, जुनी वसुली माफ, देखभालीची वजावट मात्र १५ वरून १० वर. पण ज्यांची सवलत गेली होती त्यांना ती आपोआप नाही मिळाली. त्यासाठी पीटी-३ नावाचा फॉर्म, २५ रुपये, आणि पुरावे: तुम्ही स्वतः राहता असं सोसायटीचं पत्र, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट किंवा रेशनकार्ड किंवा गॅसचं कार्ड, आणि शहरात तुमची दुसरी मिळकत असेल तर तिच्या बिलाची प्रत.

ही शेवटची ओळ परत वाचा. ५३ वर्षांत पहिल्यांदा सवलतीच्या फॉर्मनेच विचारलं, की तुझं दुसरं घर आहे का? दुसऱ्या घराचा कर म्हणून कुठे ठराव नाही, चर्चा नाही, बजेटच्या भाषणात एक वाक्य नाही, आणि एका अर्जाच्या कागदपत्रांच्या यादीत तो गुपचूप येऊन बसला.

पण मग 'स्वतः राहणं' म्हणजे काय? वडिलांच्या नावावर दोन फ्लॅट, एकात ते, दुसऱ्यात मुलगा-सून, भाडं नाही. दुसरा फ्लॅट स्वतःचा वापर की नाही? बहुतेक जण म्हणतील हो, आणि माझंही मत तेच आहे. मुलगी लग्न होऊन तिथेच राहते, जावई आणि त्याचे आईवडीलही आहेत, तर? आता बरेच जण थांबतील. आणि कुलूप लावलेला फ्लॅट? मालक म्हणतो मी भाड्याने दिलेला नाही, म्हणजे माझ्याच वापरात आहे, दिवाळीला येतो, कपाटात माझे कपडे आहेत. मूळ ठरावाच्या तर्काने बघितलं तर त्याचं बरोबर आहे, कारण ती सवलत 'भाडं मिळत नाही' म्हणून होती, आणि त्याला भाडं मिळत नाहीच. आजच्या लोकांना मात्र ती सवलत 'इथे राहतो' म्हणून हवी आहे. एकाच शब्दात दोन अर्थ बसलेत, भाडं न घेणं आणि प्रत्यक्ष राहणं, आणि १९७० मध्ये हे दोन्ही एकच होते. शिक्षा होते ती मधल्याला, म्हणजे ज्याने फ्लॅट भाड्याने देऊन कुणाची तरी राहायची सोय केली त्याला पूर्ण कर, जो तो भाड्यातून वसूल करतो, म्हणजे शेवटी भरतो भाडेकरू. फ्लॅटची किंमत वाढायची वाट बघत तो रिकामा ठेवणाऱ्याकडे सोसायटीचं पत्र मिळवण्याइतकी ओळख असली की झालं.

इन्कम टॅक्समध्ये हाच शब्द अजून मजेशीर झालाय. पूर्वी एकच घर 'सेल्फ ऑक्युपाइड' धरायचे, दुसरं बंद असलं तरी ते भाड्याने दिलंय असं मानून काल्पनिक भाड्यावर कर. २०१९ च्या अंतरिम बजेटने दोन घरं स्वतःच्या राहण्याची धरायला परवानगी दिली, आणि २०२५ मध्ये उरलेल्या अटीही काढल्या. एका वेळी दोन घरांत कसं राहायचं हे मात्र कायद्याने सांगितलेलं नाही. २०१७ मध्ये घराच्या तोट्याची (म्हणजे कर्जाचं व्याज भाड्यापेक्षा जास्त होतं त्याची) इतर उत्पन्नातून वजावट २ लाखांपुरती केली होती, तेव्हा वाटलं होतं की आता कर्ज काढून दुसरा-तिसरा फ्लॅट घेणाऱ्यांना चाप बसेल. दोनच वर्षांत वारं फिरलं.

राज्याचं काय, तर मुद्रांक शुल्कात आपल्याकडे उलटाच प्रकार आहे. त्याला बिल्डर लोक इन्व्हेस्टर क्लॉज म्हणतात. गुंतवणूकदाराने बिल्डरकडून घेतलेला फ्लॅट ठरावीक मुदतीत पुढे विकला तर पहिल्या खरेदीला भरलेलं शुल्क दुसऱ्या व्यवहारात वळतं करून मिळतं. ही मुदत एक वर्ष होती, २०२२ च्या अर्थसंकल्पात ती तीन वर्षं केली. बाहेरच्या देशांत लवकर विकणाऱ्याला जास्त कर, आपल्याकडे लवकर विकणाऱ्याला सूट. कोविडच्या वेळी सप्टेंबर २०२० पासून मुद्रांक शुल्क ५ वरून २ टक्क्यांवर आणलं, तेव्हाही हे तुझं पहिलं घर की पाचवं असं कुणी विचारलं नाही. याउलट २०२१ मध्ये बाईच्या नावावर घर घेतलं तर १% सूट दिली, आणि तिला अट काय, तर १५ वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही. म्हणजे फेरविक्रीवर निर्बंध घालता येतात हे सरकारला माहीत होतं, ते घातले ते राहायला घर घेणाऱ्या बायकांवर. ती अट २०२३ मध्ये काढली.

सिंगापूरचं उदाहरण ग्रुपवर सारखं येतं म्हणून एवढंच, तिथे नागरिकाला दुसरं घर घेताना एप्रिल २०२३ पासून २०% जादा शुल्क आहे. व्हँकुव्हरने २०१७ पासून रिकाम्या घरांवर किमतीच्या १% कर लावला आणि २०२१ साठी तो ३% केला, तिथले आपले नातेवाईक दर वर्षी 'मी इथे राहतो' असं जाहीरपत्र भरतात आणि इथल्या कुलूपबंद फ्लॅटचा मेंटेनन्स ऑनलाइन पाठवतात. दोन्हीकडे कर घराच्या किमतीवर आहे. पुण्यात तो काल्पनिक भाड्यावर आहे, त्यामुळे तिकडची टक्केवारी इकडे आणून चिकटवली तर हाती काही लागत नाही, हे आमच्या ग्रुपवर तीनदा सांगून झालंय.

आणि सोसायटीचं तर विचारूच नका. सहकारी सोसायट्यांमध्ये 'बिनभोगवटा शुल्क' असतं, सेवा शुल्काच्या १०% पर्यंत. नावावरून कुणालाही वाटेल की बंद घराला लागत असणार. ते लागतं भाड्याने दिलेल्या घराला, जिथे माणसं राहतात. आमच्या मजल्यावरचा समोरचा फ्लॅट २०११ पासून बंद आहे, आत पाण्याची गळती झाली तेव्हा मालकाचा नंबर शोधायला दोन दिवस लागले. त्याला बिनभोगवटा शुल्क नाही, कारण भाडेकरू नाही. आमच्या खालच्या मजल्यावर चार जणांचं भाडेकरू कुटुंब राहतं, त्यांच्या मालकाला आहे.