फोडाचे छत किती जाड?

‘तोंड आलंय’ म्हणून बी-कॉम्प्लेक्स घेतले, मलम लावले, तरी महिनोन्‌महिने जखमा भरत नाहीत. मग कधीतरी छाती-पाठीवर फोड उठतात. पेम्फिगस व्हल्गॅरिस या फोडांच्या आजाराची सुरुवात बहुतेकदा अशी होते. बुलस पेम्फिगॉइड हा फोडांचा दुसरा आजार मात्र म्हातारपणचा. आधी काही आठवडे नुसती खाज, मग पोटावर, मांड्यांवर टपोरे फोड. त्वचारोगतज्ज्ञ वॉल्टर लीव्हर यांनी १९५३ साली हे दोन आजार वेगळे काढले.

दोन्हींत शरीरातली अँटिबॉडी आपल्याच त्वचेवर उलटते. फक्त कातडी उसवते ती जागा वेगळी. पेम्फिगसमध्ये वरच्या थरातल्या पेशींना एकमेकींशी जखडणाऱ्या डेस्मोग्लीन या प्रथिनावर घाव बसतो. फोडाचे छत भाकरीच्या पापुद्र्याइतके तकलादू, त्यामुळे अंगावर फोड कमी आणि सोललेल्या ओल्या जखमाच जास्त दिसतात. शेजारची कातडी बोटाने दाबून घासली तरी सालपट सरकते. पेम्फिगॉइडमध्ये अख्खा वरचा थर तळापासून सुटतो. छत जाड, म्हणून फोड ताठ राहतो आणि सहजी फुटत नाही.

नजरेचा अंदाज बायोप्सीने पक्का करतात आणि घोटाळा होतो तो इथेच. कातडीचे तुकडे दोन लागतात. पहिला ताज्या, लहान फोडाचा, कडेसकट; तो फॉर्मालिनमध्ये (तुकडा टिकवणारे रसायन). दुसरा इम्युनोफ्लुओरेसन्ससाठी (कातडीतली अँटिबॉडी चमकवून दाखवणारी तपासणी), फोडापासून सेंटिमीटरभराच्या आतल्या, धडधाकट दिसणाऱ्या कातडीचा. तो फोडातूनच घेतला तर अँटिबॉडी तिथे नष्ट झालेली असू शकते आणि आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येतो. फॉर्मालिनमध्ये पडला तर वायाच गेला. त्याला मिशेलचे द्रावण हवे. ते नसेल तर नॉर्मल सलाइनमध्ये ठेवून २४ तासांत प्रयोगशाळेत पोचवावा.

सूक्ष्मदर्शकाखाली पेम्फिगस मासेमारीच्या जाळ्यासारखा चमकतो, पेम्फिगॉइड एका सरळ रेघेत. पण अशीच रेघ दुसऱ्या एका फोडांच्या आजारात, एपिडर्मोलिसिस बुलोसा अ‍ॅक्विझिटातही दिसते. मग कातडीचा तुकडा १ मोलर मिठाच्या पाण्यात (लिटरला सुमारे ५८ ग्रॅम) भिजवून थर सुटे करतात. चमक छताला राहिली तर बहुधा पेम्फिगॉइड, तळाला राहिली तर शंका या दुसऱ्या आजारावर. कोपर-गुडघ्यांवर बारीक, प्रचंड खाजरे फोड आणि कण-कण विखुरलेले आयजीए (अँटिबॉडीचा एक प्रकार) दिसले, तर तो डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस. त्यात गहू बंद करावा लागतो.

मधुमेहावरच्या व्हिल्डाग्लिप्टिनसारख्या गोळ्यांनीही पेम्फिगॉइड उद्भवू शकतो. दवाखान्यात जाताना चालू औषधांची पाकिटे सोबत न्यावीत. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये.