सुमोतला 'सुमो' कुठला?

'टाटा सुमो'चं नाव जपानी पैलवानांवरून पडलं, असं अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. गाडीचा बांधा पाहता पटतंही चटकन! पण हे नाव टेल्कोचे (म्हणजे नंतरच्या टाटा मोटर्सचे) एकेकाळचे प्रमुख सुमंत मूळगावकर यांच्यावरून आलंय: सुमंतमधला 'सु', मूळगावकरांतला 'मो'. (मराठीत 'मू' असला, तरी इंग्रजी स्पेलिंगात तो 'मो' होतो.)

हे कळल्यावर लोक दुसऱ्या टोकाला जातात: म्हणजे सुमो त्यांनीच बनवली! तेही नाही. मूळगावकर 1989 मध्ये गेले, सुमो बाजारात आली 1994 मध्ये. नाव आदरापोटी दिलेलं.

त्यांची कारकीर्द खरं तर ट्रकची. सिमेंट उद्योगातून ते 1949 मध्ये टेल्कोत आले. तेव्हा जमशेदपूरच्या या कंपनीचा भर रेल्वे इंजिनांवर होता. 1954 मध्ये मर्सिडीज बनवणाऱ्या जर्मन डेमलर-बेंझशी करार झाला आणि ट्रक निघू लागले, बॉनेटवर मर्सिडीजचा तारा मिरवत. 1969 मध्ये करार संपला, तारा उतरला, त्या जागी 'टी' आला. पाहुण्याचं बोट सोडून ट्रक चालतच राहिला, हे मला गाडीच्या नावापेक्षा मोठं वाटतं.

पुण्याचा कारखानाही बघा. काम 1966 च्या सुमारास सुरू झालं, पहिलं वाहन बाहेर पडलं थेट 1977 मध्ये. मधल्या काळात तिथे यंत्रं नि साचे बनत होते, शिकाऊ पोरं घडत होती. आधी हत्यारं, मग गाडी.