अंतर्गत हर्निया आणि सीटी स्कॅन : रुग्ण व नातेवाइकांसाठी माहिती

हर्निया म्हटले की जांघेत किंवा बेंबीजवळ आलेला फुगवटा डोळ्यांसमोर येतो. अंतर्गत हर्नियात असा फुगवटा कोठेच दिसत नाही, कारण आतडे पोटाच्या भिंतीतून बाहेर न येता पोटातल्याच एखाद्या खोबणीत किंवा आतले अवयव जागी धरून ठेवणाऱ्या पातळ पडद्यातल्या छिद्रात शिरलेले असते. हाताने तपासून ते सहसा कळत नाही आणि सोनोग्राफीत आतड्यातील हवा आड येते. म्हणून अशी शंका आली की डॉक्टर पोटाचा सीटी स्कॅन करायला सांगतात.

हा आजार दुर्मीळ आहे. काहींच्या पोटात अशी खोबण जन्मापासून असते. मात्र वजन कमी करण्यासाठी होणाऱ्या बायपास शस्त्रक्रियांचे प्रमाण वाढल्यापासून त्यानंतर उद्भवणारा हर्निया अधिक दिसू लागला आहे. या शस्त्रक्रियेत आतड्याची नव्याने जोडणी करताना पडद्यात फट राहू शकते, आणि पुढे वजन उतरून पोटातली चरबी घटली की शिवून बंद केलेली फटही पुन्हा मोकळी होऊ शकते. त्यामुळे शस्त्रक्रियेला काही वर्षे उलटली असली तरी तिची माहिती आम्हाला, म्हणजे स्कॅन करणाऱ्या केंद्राला, अवश्य द्यावी. चिठ्ठीवर केवळ ‘पोटदुखी’ एवढेच लिहिलेले असेल, तर जुने डिस्चार्ज कार्ड सोबत आणावे. त्या एका कागदामुळे रेडिओलॉजिस्टना (स्कॅनच्या प्रतिमा पाहून रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टरांना) नेमके काय शोधायचे ते कळते.

एरवी लहान आतड्याची वेटोळी पोटात सैल पसरलेली असतात. हर्नियात त्यांतली काही एका जागी दाटीने गोळा झालेली दिसतात, त्यांच्या रक्तवाहिन्या ताणलेल्या किंवा फुगलेल्या असतात, आणि पीळ बसला असेल तर त्या भोवऱ्यासारख्या गोल फिरलेल्या दिसतात. डाव्या बाजूच्या जन्मजात प्रकारात मोठ्या आतड्याकडून वर जाणारी एक शीर या गोळ्याच्या पुढच्या कडेला सरकलेली आढळते. ही शीर एकेका प्रतिमेत माग काढत पाहावी लागते, म्हणून अशा रिपोर्टसाठी घाई करू नये, ही आमची मनापासून विनंती आहे.

आतड्याला रक्तपुरवठा नीट होत आहे का, हे कळण्यासाठी शिरेतून आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्टचे (स्कॅनमध्ये रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात यासाठीच्या द्रवाचे) इंजेक्शन द्यावे लागते. ते देताना अंगभर उष्णता जाणवते, तोंडाला धातूसारखी चव येते आणि लघवी झाल्यासारखे वाटते. हे थोड्याच वेळात ओसरते. पूर्वी कॉन्ट्रास्टची ॲलर्जी झाली असेल, मूत्रपिंडाचा विकार असेल, गर्भधारणेची शक्यता असेल किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल, तर स्कॅनपूर्वी सांगावे. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नये.

आतडे छिद्रात शिरून आपोआप बाहेरही येऊ शकते, त्यामुळे दुखणे येते आणि जाते. कळ थांबल्यावर काढलेल्या स्कॅनमध्ये काहीच न दिसण्याची शक्यता असते. शक्य असेल तर दुखत असतानाच स्कॅन व्हावा. स्कॅन निर्दोष आला, तरी त्यावरून हर्निया नाहीच असे ठामपणे म्हणता येत नाही. त्रास पुन्हा पुन्हा होत असेल तर शल्यचिकित्सक पोटाला छोटे छेद घेऊन दुर्बिणीतून पोट तपासण्याचा सल्ला देऊ शकतात, आणि तो आमच्या रिपोर्टकडे बोट दाखवून टाळू नये. आधीच्या स्कॅनची सीडी जपून ठेवावी, कारण नव्या प्रतिमा जुन्यांशेजारी ठेवून पाहिल्या की आतड्याची बदललेली जागा पटकन लक्षात येते.

पोटात असह्य व सतत कळ, वारंवार उलट्या, पोट फुगणे, शौच व वारा बंद होणे अशी लक्षणे असतील, तर आमच्याकडे अपॉइंटमेंट घेत न बसता तातडीच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात थेट जावे. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला तर काही तासांतच ते निकामी होऊ शकते, आणि अशा रुग्णाचा स्कॅन शल्यचिकित्सक हाताशी असतानाच झालेला बरा.