बाह्य वीजजोडणी (लहान विमानाची)

उभ्या विमानाच्या विद्युत्-यंत्रणेला बाहेरून वीज देण्यासाठी विमानाच्या अंगावर बसवलेली खोबण आणि तिच्यात बसणारा प्लग यांना मिळून बाह्य वीजजोडणी म्हणतात. हँगरमध्ये तिचे नाव ‘ग्राउंड पॉवर’. उतरलेल्या बॅटरीवर इंजिन सुरू करणे आणि इंजिन बंद ठेवून उपकरणे तपासणे हे तिचे उपयोग सर्वपरिचित आहेत.

मुंबईत लहान विमानांची परंपरा जुहूची. तेथील विमानतळ आणि बॉम्बे फ्लाइंग क्लब दोन्ही १९२८ चे. त्या पिढीतील ‘मॉथ’ जातीची विमाने पंखा हाताने फिरवून सुरू होत, त्यामुळे जोडणीचा प्रश्नच नव्हता. आज जुहूला प्रामुख्याने हेलिकॉप्टरे आहेत. त्यांच्या टर्बाइन इंजिनांना सुरू होताना पिस्टन इंजिनापेक्षा कितीतरी अधिक प्रवाह लागतो.

प्रचलित प्रकारांत तीन पिनांची खोबण सर्वांत महत्त्वाची. तिला सर्रास ‘नाटो प्लग’ म्हणतात. हे नाव जरा दिशाभूल करणारे आहे. नाटोची स्थापना १९४९ ची. खोबणीचा जुना क्रमांक ‘एएन २५५२’ मात्र अमेरिकी लष्कर व नौदल यांच्या सामाईक मानकांतला आहे आणि ती मालिका साधारणतः दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराची धरली जाते. म्हणजे आकार आधीचा व नाव नंतरचे, असे मानणे अधिक सयुक्तिक. पुढे तीच खोबण ‘एमएस ३५०६’ म्हणून ओळखली जाऊ लागली. लष्करी वाहनांवरील गोल, समाक्ष जोडणीलाही ‘नाटो’ म्हणतात. ती विमानात बसत नाही; मागणी नोंदवताना नावाऐवजी क्रमांक द्यावा.

या खोबणीतील दोन जाड पिना ऋण व धन प्रवाहाच्या. तिसरी बारीक व आखूड नियंत्रक पीन विमानातील काँटॅक्टरच्या (मोठा प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचच्या) गुंडाळीला वीज देते. प्लग पूर्ण बसल्यावरच ती टेकते, आणि काढताना सर्वांत आधी सुटते. त्यामुळे जाड पिनांवर ठिणगी पडत नाही. गुंडाळीच्या मार्गात डायोड (एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारा घटक) घातला, की उलट ध्रुवता (धन-ऋण यांची अदलाबदल) आल्यास काँटॅक्टर बंदच होत नाही. (येथे ‘बंद होणे’ म्हणजे मंडल जुळणे, नवशिक्यांचा नेमका येथे घोळ होतो.) जुन्या विमानांत हाच आकार १४ व्होल्टच्या (म्हणजे १२ व्होल्टची बॅटरी असलेल्या) यंत्रणेवरही आढळतो. आकार व्होल्टता सांगत नाही, म्हणून खोबणीशेजारी आकडा ठळक रंगवणे आणि व्होल्टता मर्यादेबाहेर गेल्यास काँटॅक्टर उघडणारे मंडल बसवणे इष्ट.

पायपर विमानांवरील एकपिनी जोडणीत मधली पीन धन व भोवतीचे कडे ऋण असते. ती हलकी व स्वस्त आहे. नियंत्रक पीन मात्र नाही. हौशी बांधणीच्या विमानांत अँडरसन जोडणीही दिसते. तिच्या कवचाचा रंग व्होल्टतेशी निगडित असतो, पिवळा १२ व लाल २४ व्होल्ट, आणि भिन्न रंगांची कवचे एकमेकांत बसत नाहीत. हा गुण तीनपिनी खोबणीत नाही.

निवडीत केबलकडे दुर्लक्ष होते. ५ मीटर लांबीच्या, ३५ चौ. मिमी. तांब्याच्या दोन तारांचा रोध जाऊन-येऊन सुमारे ०.००५ ओहम. २०० अँपिअरला १ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो. १२ व्होल्टच्या यंत्रणेत तो आठ टक्के होतो. तेवढीच शक्ती २४ व्होल्टवर दिल्यास प्रवाह निम्मा व घट दोनच टक्के. संपर्कबिंदूचा एक मिलिओहम रोधही २०० अँपिअरला ४० वॅट उष्णता देतो. समुद्रालगतच्या जुहूसारख्या ठिकाणी खारी हवा पिना गंजवते आणि हा रोध वाढतो; पावसाळ्यापूर्वी पिना व झाकण पाहून घ्यावे.

खोबण पंख्यापासून दूर असावी, कारण चालत्या इंजिनाशेजारी कोणीतरी प्लग काढणार असते. मास्टर स्विच (विमानाच्या विद्युत्-यंत्रणेचा मुख्य स्विच) कधी चालू करायचा, हे प्रत्येक विमानाच्या पुस्तिकेत वेगळे आहे. सेसना व पायपर यांची पद्धत एक नव्हे. कारखान्यात बनलेल्या विमानात नवी खोबण बसवणे हा बदल मंजुरीशिवाय करता येत नाही. पूर्ण उतरलेल्या बॅटरीवर इंजिन बाहेरच्या विजेने सुरू झाले, तरी लगेच उड्डाण करू नये. अल्टरनेटर (इंजिनावर चालणारे वीजनिर्मिती यंत्र) बिघडल्यास हवेत तीच बॅटरी उरते.