मूत्राशयातल्या गाठी: दुर्बिणीपासून बीसीजीपर्यंत

लघवीतून रक्त गेलं, दुखलं मात्र काहीच नाही, आणि दोन दिवसांत लघवी पुन्हा साफ. ऐन मे महिन्यात असं झालं की पुण्यातल्या कितीतरी घरांत ‘उन्हाळी लागली’ म्हणून धने-जिऱ्याचं पाणी दिलं जातं आणि विषय संपतो. मूत्राशयातल्या कर्करोगाच्या गाठीची पहिली खूण बहुतेकदा हीच असते. उन्हाळी लागली की जळजळ होते. न दुखता रक्त गेलं तर युरॉलॉजिस्टकडे जायलाच हवं.

ही गाठ डोळ्यांना दिसायलाच फार वर्षं लागली. 1806 मध्ये फिलिप बोत्झिनी यांनी मेणबत्तीच्या उजेडावर चालणारी नळी बनवली. मूत्राशयाच्या आत दिवा नेण्याचं श्रेय मॅक्सिमिलियन नित्से यांचं, 1877 मधलं. प्लॅटिनमची तार विजेने तापवून ते उजेड पाडत आणि तार गार ठेवायला भोवती पाणी खेळवत. 1910 मध्ये न्यूयॉर्कच्या एडविन बीअर यांनी अशाच दुर्बिणीतून विद्युतप्रवाह सोडून गाठी जाळल्या. आज दुर्बिणीतून गाठ खरवडून काढतात, त्याची वाट तिथून निघते.

कारणाचा माग कारखान्यात लागला. फ्रँकफर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी 1895 मध्ये रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांत या गाठी आढळल्याचं मांडलं. पुढे दोषी ठरलेल्या रसायनांपैकी काही तंबाखूच्या धुरातही असतात. ती रक्तातून मूत्रपिंडात गाळली जातात आणि लघवीसोबत तासन्‌तास मूत्राशयात साठून राहतात. म्हणून सिगारेट-विडी हे या आजाराचं सर्वांत मोठं कारण आहे.

उपचारांतला मला सर्वांत विलक्षण वाटणारा टप्पा 1976 चा. कॅनडातल्या अल्वारो मोरालेस यांनी क्षयाची बीसीजी लस, म्हणजे दुबळे केलेले जिवंत जंतू, थेट मूत्राशयात सोडली. जंतू अस्तराला चिकटतात, शरीराची प्रतिकारशक्ती तिथे धावून जाते आणि गाठीच्या पेशींवरही तुटून पडते. त्यांना मिळालेली लस सहा कुप्यांच्या पाकिटात येई, म्हणून आठवड्याला एक असे सहा डोस ठरले. सुरुवातीचा क्रम आजही तोच आहे. इथे पुण्याचा थेट संबंध येतो: हडपसरची सीरम इन्स्टिट्यूट याच कामासाठी ‘ऑन्को-बीसीजी’ बनवते.

बीसीजी चालते ती गाठ वरच्या थरांपुरती असेल तर. स्नायूत शिरली असेल तर मूत्राशय काढणं किंवा किमोथेरपीसह रेडिएशन, हे मार्ग उरतात. वरवरची गाठही पुन्हापुन्हा उगवते. म्हणून ती काढल्यावर पहिली दुर्बीण-तपासणी तीन महिन्यांनी होते आणि पुढेही काही वर्षं चालू ठेवावी लागते, लघवी अगदी स्वच्छ असली तरी.